न आलेले फॉर्म

जेरोम तुस्कानो यांच्या टेबलावरून सव्वीस वर्षांत एकही कागद हरवला नाही. दोह्यातल्या एका बांधकाम कंपनीत ते डॉक्युमेंट कंट्रोलर. नकाशा आला की नोंद करायची, शिक्का मारायचा, तपासणाऱ्यांकडे पाठवायचा आणि चौदा दिवस मोजायचे. चौदा दिवसांत शेरा आला नाही तर हरकत नाही असं धरून काम पुढे सरकवायचं. हा नियम नसता तर या शहरात एकही इमारत उभी राहिली नसती, असं ते ऑफिसात नव्याने आलेल्यांना सांगत. त्यात खोटंही काही नव्हतं.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा झाली की जेरोम वसईकर मंडळाचे. मंडळात दोनशे चाळीस सभासद, नऊ जणांची समिती. पूर्वी ज्याला जास्त मतं तो निवडून येई, आणि दर वेळी दोन-तीन मोठ्या गावांचीच माणसं समितीत बसत. त्या काळात डोरोथी नावाची एक नर्स नवी नवी दोह्यात आली होती. तिने एकदा चर्चच्या आवारात जेरोमना गाठून विचारलं, की मंडळाच्या सगळ्या सहली आणि नाताळची जेवणं भर दुपारी का असतात. तेव्हा तिच्या अर्ध्या मैत्रिणी वॉर्डात असत आणि उरलेल्या अर्ध्या रात्रपाळी करून झोपलेल्या. वर्गणी मात्र सगळ्यांची जायची.

जेरोमना ते लागलं. त्यांनी महिनाभर कागदावर आकडेमोड केली आणि नवी पद्धत मांडली. एकट्या माणसाला मत नाही, उमेदवारांच्या यादीला मत. ज्या यादीला जितकी मतं, तिला त्या प्रमाणात जागा. मंडळाने ती मान्य केली. मग उत्तर वसईची यादी झाली, दक्षिण वसईची झाली, आणि नर्सेसनी आपली तिसरी केली. तिला सगळे ड्युटीवाल्यांची यादी म्हणू लागले. तिची हक्काची मतं अठ्ठावीस, म्हणून जागा एक. त्या एका जागेवर डोरोथी बसली आणि पहिल्याच वर्षी नाताळचं जेवण दोनदा झालं. दुपारी एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा. तेव्हापासून दर सुट्टीनंतर ती जेरोमना गावाकडच्या सुकेळ्यांचा, सुकवलेल्या केळ्यांचा, पुडा आणून देई. पुड्यावर नाव घातलेलं नसे, पण तो कुणाचा हे त्यांच्या बायकोला ठाऊक असे.

अशी सोळा वर्षं गेली. मग एका निवडणुकीत दोन्ही मोठ्या याद्यांना चार-चार जागा मिळाल्या आणि प्रत्येक ठराव डोरोथीच्या एका मतावर अडायला लागला. अध्यक्ष ऑल्विन तिशीतला, इंजिनिअर. तो वाईट नव्हता, घाईत होता. त्याने दुरुस्ती आणली, की शंभरात पंधरापेक्षा कमी मतं पडतील त्या यादीला जागाच नको. समितीने ठरवलं, की सगळ्या सभासदांची मतं मागवायची आणि दोन तृतीयांश होकार असेल तरच बदल करायचा. अल थुमामा, उम्म सलाल मोहम्मद आणि अल वक्रा अशा तीन ठिकाणी सभा घ्यायच्या आणि प्रत्येकाला फॉर्म द्यायचा. फॉर्मचं काम अर्थात जेरोमकडे आलं. ऑल्विन म्हणाला, "काका, तुमच्या ऑफिससारखं चोख करा."

जेरोमनी अगदी तसंच केलं. फॉर्मला क्रमांक घातला, तारीख घातली आणि खाली हाताच्या सवयीने ओळ टाकली: चौदा दिवसांत उत्तर न आल्यास संमती आहे असे समजले जाईल. समितीत कुणी ती ओळ मोठ्याने वाचली नाही. डोरोथी त्या दिवशी ड्युटीवर होती.

बाराव्या दिवशी तिचा फोन आला. हॉस्पिटलचीच तपासणी चालू होती, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या होत्या. अठ्ठावीसपैकी तिघींचेच फॉर्म गेले होते. तिने आठ दिवस वाढवून मागितले. जेरोम म्हणाले, तारीख म्हणजे तारीख. आज तुला वाढवून दिली तर उद्या सगळे मागतील. तिने एवढंच विचारलं:

"मग न आलेल्या फॉर्मांचं काय करणार?"

"बघतो," जेरोम म्हणाले.

खरं तर बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. चौऱ्याण्णव फॉर्म आले, त्यात बावन्न होकार आणि बेचाळीस नकार. न आलेले एकशे शेहेचाळीस त्यांनी होकारांच्या रकान्यात टाकले. बेरीज एकशे अठ्ठ्याण्णव झाली, दोन तृतीयांशाहून कितीतरी जास्त. शिक्का मारताना हात जरासुद्धा अडखळला नाही, याचंच त्यांना पुढे सगळ्यात जास्त वाईट वाटत राहिलं.

सर्वसाधारण सभेत त्यांनी अहवाल वाचला. डोरोथी युनिफॉर्मवर स्वेटर घालून शेवटच्या रांगेत बसली होती. ती उठली.

"जेरोमभाऊ, माझ्या पोरी झोपल्या होत्या. झोपलेल्या माणसाचा होकार तुम्ही कसा ऐकला?"

दोघं-तिघं हसले. ऑल्विनने फॉर्मच्या तळाची ओळ वाचून दाखवली. ती तिथे होतीच. डोरोथीने ऑल्विनकडे पाहिलं नाही. ती जेरोमकडे पाहत होती, आणि जेरोम अहवालाची पानं नीट करत होते.

दुरुस्ती मंजूर झाली, आणि पुढच्या निवडणुकीत तिची यादी शंभरात पंधराच्या खाली राहून जागा गेली. नव्या समितीने नाताळचं जेवण एकदाच ठेवलं, दुपारी साडेबाराला. हॉलचं भाडं वाचतं, असं कारण दिलं. सुकेळ्यांचा पुडा त्या वर्षी आला नाही. बायकोने एकदा विचारलं, मग विचारायचं सोडलं.

जानेवारीत जेरोमनी समितीच्या नऊ जणांना पत्र पाठवलं. मोजणी चुकली, आलेलेच फॉर्म धरा, मतं पुन्हा मागवा, एवढंच त्यात होतं. पत्राला त्यांनी क्रमांक घातला नाही. चौदा दिवस वाट पाहिली. कुणाचंच उत्तर नाही. पंधराव्या दिवशी चर्चबाहेर ऑल्विन भेटला, तेव्हा ओठांवर आलं होतं, की उत्तर नाही म्हणजे तुम्हा सगळ्यांची संमती झाली. पण ते बोलवेना. ऑल्विनच म्हणाला, "काका, खलास झालं ना ते. तुम्ही आता मार्चमध्ये गावी जाणार, आराम करा."

मार्चमध्ये नोकरी संपत होती, हे खरं होतं. जाण्याआधी त्यांनी डोरोथीला फोन केला. माफी कशी मागायची याची जुळवाजुळव ते दोन दिवस करत होते, पण तिने ती पुरी होऊ दिली नाही.

"मला नका सांगू. पोरींनाच विचारायचं होतंत. अल वक्र्याला आमच्या बिल्डिंगखाली सहाला बस लागते, सातला रात्रपाळीची परत येते. फॉर्म नका आणू."

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधीच ते तिथे उभे होते. हवेत अजून गारठा होता. बससाठी उतरलेल्या मुलींना त्यांनी एकेक करून विचारलं. जोस्लीन नावाच्या मुलीला आधी वाटलं की काका पत्ता चुकलेत. मग ती म्हणाली, की संध्याकाळचं जेवण होतं तेव्हा निदान महिनाभर आधीपासून काय नेसायचं ते ठरवायचो. सातला परतलेल्या मुली जांभया देत बोलल्या. सगळ्या मिळून एकोणीस जणी भेटल्या. बाकीच्या गावी किंवा सुट्टीवर. चौदा जणींना आपली जागा हवी होती. तिघींना काही फरक पडत नव्हता. दोघी चक्क म्हणाल्या, की बदल झाला ते बरं झालं, मंडळात नुसती भांडणंच होती. जेरोमनी त्यांचीही उत्तरं तशीच्या तशी वहीत लिहून घेतली.

डोरोथीही त्याच बसमधून उतरली होती. तिने वही हातात घेतली, नावांवरून बोट फिरवलं आणि परत दिली.

"आता ही कुणाला देणार?"

जेरोमनी वही मिटली. तिने त्यांना वर चहाला बोलावलं नाही, पण लगेच गेलीही नाही. बॅग खांद्यावर घेऊन थोडा वेळ शेजारी उभी राहिली. ती जिन्याकडे वळल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वासात झाले होते. सगळ्यांना विचारायला दीडच तास लागला होता.