सव्वादहाचं रीडिंग

आधीच सांगून टाकते, भूतखेत, झपाटणं, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही. आमच्या बौद्ध घरात असल्या गोष्टींना कधी थाराच नव्हता. त्यात मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली बाई. दिवा लागत नसेल तर वायर बघायची, नवस नाही बोलायचा… तरीही हे लिहितेय, कारण मनात ठेवून ठेवून आता कंटाळा आला.

घोटीच्या पुढे डोंगरात एका पंप्ड स्टोरेज वीजकेंद्रावर मी कामाला आहे. खाली धरण, वर डोंगरावर तळं. वीज उरली की पंपाने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज काढायची. पावसाळ्यात याचा आणखी एक उपयोग होतो. मोठ्या पावसाचा इशारा आला की नदीला झेपेल तसं पाणी पुढे सोडून वरचं तळं आधीच रिकामं करायचं. मग धरण भरायला लागलं की पाणी वर चढवता येतं, दरवाजे कमी उघडावे लागतात आणि खालची गावं वाचतात.

नदीला किती झेपतंय ते आम्हाला कळवायचे माझे सख्खे मामा. धरणाखाली सायखेड्यात, त्यांच्या गावात, नदीकाठी फुटांची पट्टी रंगवलेली आहे. तिच्यावरचं पाणी बघून ते आमच्या कंट्रोल रूमला लँडलाईनवर फोन करायचे. त्यांचा एक हट्ट होता. त्यांनी रीडिंग सांगितलं की समोरच्याने ते परत म्हणायचं, तोवर फोन ठेवायचे नाहीत. भाची म्हणून मलाही सूट नव्हती. ड्युटीवर मला "मॅडम" म्हणायचे, वर "परत म्हणा" आहेच.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पावसाचा इशारा आलेला, वरचं तळं काठोकाठ. सकाळी सव्वादहाला मामांचा फोन आला, तो आमच्या साहेबांनी घेतला. स्पीकर चालू होता, मी पॅनेलपाशी उभी होते.

"पट्टीवर सहा, साहेब. नदीत लय जागा हाय. वरचं तळं आत्ताच सोडा. परत म्हणा."

साहेबांनी "बरं बरं" करून फोन ठेवला. परत म्हणाले नाहीत, रजिस्टरात लिहिलंही नाही. त्यांना संध्याकाळच्या विजेसाठी तळं भरलेलं हवं होतं. मी म्हटलं, साहेब, लिहायचं राहिलं. तुम्ही तुमचं पॅनेल बघा, म्हणाले. आणि मी गप्प बसले! तो राग माझा माझ्यावरही आहे.

दुपारी आभाळ फाटलं. धरण भरलं, आणि पाणी वर चढवायला वर जागाच नाही. दरवाजे उघडावे लागले, सायखेड्यात पाणी शिरलं. आता साहेबांना दर पंधरा मिनिटांनी रीडिंग हवं होतं. ते घ्यायला मामा पाण्यात उतरले आणि वाहून गेले. दोन दिवसांनी बाभळीत अडकलेले सापडले.

आणि अहवालात काय लिहिलं? सायखेड्याहून सकाळचं रीडिंग आलं नाही, म्हणून निर्णयाला उशीर झाला. मेलेल्या माणसावर ढकलून मोकळे! मी चौकशीत खरं सांगितलं, तर म्हणे भाची आहे, बोलणारच. गावात ज्यांची घरं गेली ते मामीला तोंडावर म्हणायचे, तुमच्या म्हाताऱ्यानं बुडवलं आम्हाला. मामीने नळावर जाणं सोडलं. तेव्हापासून मला या साहेबाचं वाटोळं झालेलं बघायचं होतं. खोटं कशाला बोलू?

या वर्षी पट्टीचं रीडिंग थेट स्क्रीनवर येतं. लँडलाईन बंद केली, टेबलावरचा फोन मात्र आळसाने कुणी हलवला नाही. पुन्हा इशारा आला, पुन्हा तळं भरलेलं, आणि साहेब पुन्हा म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबू.

सकाळी सव्वादहाला तो फोन वाजला.

साहेबांनी सवयीने उचलला. पलीकडचं आम्हाला काही ऐकू आलं नाही. साहेब मटकन खुर्चीत बसले. तोंडातल्या तोंडात म्हणाले, "पट्टीवर सहा." मग मोठ्याने. मग अख्ख्या कंट्रोल रूमला ऐकू जाईल असं, "पट्टीवर सहा. नदीत जागा आहे. तळं आत्ताच सोडायचं." दहा वेळा तरी म्हणाले असतील, शेवटी रडत रडत. फोन ठेवला आणि तळं रिकामं करायची ऑर्डर दिली.

दुपारी तसाच पाऊस आला. या वेळी आम्ही पाणी वर चढवत राहिलो, दरवाजे थोडेसेच उघडले. संध्याकाळी मामीचा फोन आला, पाणी खालच्या आळीच्या तोंडाशी आलं अन् थांबलं गं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं, की गेल्या वर्षी रीडिंग वेळेवर आलं होतं, मीच ते नोंदवलं नाही. मामीने तो कागद ग्रामपंचायतीत सगळ्यांसमोर वाचायला लावला. मामांच्या नावावरचा डाग धुतला गेला. मला वाटलं, झालं, संपलं.

पण संपलं नाही. साहेब ड्युटीवर असले की सव्वादहाला तो फोन वाजतोच… पाऊस जाऊन थंडी पडली तरी. मी स्वतः लाईन तपासली. वायर बाहेर खांबापाशीच कापलेली आहे. सेट उचलून स्टोअरमध्ये टाकला, तर तिथेही वाजला; साहेब उचलून परत म्हणेपर्यंत थांबत नाही. साहेब अर्धे झालेत. बदलीचा अर्ज केलाय, ती होत नाहीये. हे कसं होतं, मला माहीत नाही. कुणाकडे उत्तर असेल तर असू दे, मी विचारत नाही.

गेल्या सोमवारी साहेबांनी माझ्यापुढे हात जोडले. "तुमचे मामा आहेत, तुमचं ऐकतील. आता पुरे म्हणा त्यांना."

सव्वादहाला स्टोअरमध्ये तो वाजला, तेव्हा मी उचलला. आधी नुसता पाण्याचा आवाज. मग मामा.

"मॅडम, साहेब हायत का?"

मामी बरी आहे, सांगायचं होतं. मामा, पुरे, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलंही असतं, माझी खात्री आहे.

"आहेत," म्हटलं, आणि फोन साहेबांच्या हातात दिला.