वरच्या दोन खोल्या

काका गेल्यावर बसवनगुडीचं घर मावशीला खायला उठलं. मूलबाळ नाही. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला. माझं जाणं आठवड्यातून एकदा, तेही धावतपळत. म्हणून तिच्या वरच्या दोन खोल्या अ‍ॅपवर टाकायची कल्पना माझीच. माझी नोकरीही त्यातलीच, साध्यासुध्या घरांना लांबच्या प्रवाशांशी जोडून देणाऱ्या कंपनीत. पर्यटन आता मोठ्या हॉटेलांतून बाहेर पडून सामान्यांच्या दारात येणार, असं मी मीटिंगमध्ये मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

मावशीला कमाईशी देणंघेणं नव्हतं. "घरात माणसं येतील ना? मग सरी, चालेल की," कानडी हेलात म्हणाली.

माणसं आली आणि मावशी खुलली. जर्मन असो की नागपूरकर, ताटावर आडवा हात धरला तरी हिचा चौथा डोसा पडलाच! "स्वल्प घ्या हो, एवढ्यानं काय होतंय!" संध्याकाळी पाहुणे परतले की दारातच चौकशी: कुठं गेला होता, जेवलात का, चिकपेटेच्या बाजारात कुणी फसवलं तर नाही ना.

मग एकानं तीनच तारे दिले. घर छान, पण मालकीणबाई फार मध्ये मध्ये करतात. आणखी दोघांनी तेच लिहिलं. घर यादीत खाली गेलं, बुकिंग थांबलं. मावशी रोज फोनवर विचारायची, "आलं का गं कुणी?" ते ऐकवत नव्हतं.

मी बाहेरच्या जिन्याला आकड्यांचं कुलूप बसवलं. सगळ्या सूचना मोबाइलवरून जातील अशी सोय केली. मावशीला समोर बसवून सांगितलं, "त्यांना एकांत हवा असतो. वर जायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, काही विचारायचं नाही."

"जेवलात का, एवढंही नको?"

"नको."

कसली अक्कल पाजळत होते मी!

तारे वाढले. खोल्या भरू लागल्या. "वर पावलं वाजतात," मावशी फोनवर सांगायची. "सकाळी नळ सुटल्याचं ऐकू येतं. तेवढंच बरं वाटतं." मला तेव्हा हे ऐकून समाधान वाटायचं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी आठ वाजता ती स्वयंपाकघरात घसरली. खुबा मोडला. मोबाइल बाहेरच्या खोलीत. वर एक जोडपं होतं. त्यांचं बोलणं, हसणं तिला खाली ऐकू येत होतं. बाराला ती दोघं बॅगा घेऊन बाहेरच्या जिन्यानं निघून गेली. दोनला कामवाल्या अक्का आल्या, तेव्हा कुठं कुणाला कळलं.

हॉस्पिटलात मी तिच्यावरच भडकले. "अगं, हाक का नाही मारलीस? डोक्यावर माणसं होती!"

"तूच म्हणाली होतीस ना, हाका मारायच्या नाहीत. परत तारे कमी केले असते त्यांनी."

मला रडू आवरेना. तेवढ्यात माझा फोन वाजला. त्याच जोडप्याचा अभिप्राय होता. मावशीनं विचारलं, "काय लिहिलंय?" खोटं बोलायचं सुचलंच नाही. मराठी करून वाचून दाखवलं, "अतिशय शांत घर. मालकीणबाईंचा जराही त्रास नाही."

"किती दिले?"

"पाच."

तिच्या सुकलेल्या ओठांवर हसू आलं. "बघ," म्हणाली, "एवढं दुखत होतं, पण एकदासुद्धा ओरडले नाही मी."