मी निवडून दिलेला लॅपटॉप

माझ्या मेहुण्याला लॅपटॉप मी निवडून दिला. गेमिंगचा, भारीतला, चार वर्षं ओव्हरटाइम करून त्याने साठवलेल्या पैशांचा. तो लॅपटॉप दगा देणार हे मला दुकानात उभं असतानाच माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझी बाजू घ्यायच्या भानगडीत पडणार नाही.

२०१८ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी डहाणूत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो. पंचक्रोशीत कोणाला मोबाइल, लॅपटॉप काही घ्यायचं असलं की तो आधी माझ्याकडे यायचा. घोलवडचे वाडीवाले यायचे, आगरचे बोटवाले यायचे. मी त्यांना विचारायचो, ‘करायचंय काय त्याच्यावर?’ आणि त्यांनी काहीही उत्तर दिलं तरी हसायचो. लोकांना वाटायचं, फार कळतं म्हणून हसतो. मलाही तसंच वाटायचं.

नेटवर माझं एक चॅनलही होतं. शुद्ध मराठीत, इस्त्रीचा शर्ट घालून मी नव्या लॅपटॉपचे गुणदोष सांगायचो. साठेक जण बघायचे. त्यातले निम्मे माझेच विद्यार्थी, ज्यांना मी पहिल्याच तासाला बसवून सबस्क्राइबचं बटण दाबायला लावलं होतं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या गावातला. घरी भात-नाचणीची शेती. हा रंगाच्या कारखान्यात कामाला, बोटांची सालटी निघालेली. माझ्या क्लासातून भंगारात काढलेला कॉम्प्युटर मीच त्याला दिला होता. त्यावर तो गेम खेळायचा आणि खेळता खेळता घरच्या बोलीत बडबडायचा. गेममधला शत्रू भिंतीआड लपला की म्हणायचा, ‘ती बघा, कोंबडी डालग्याखाली शिरली.’ एवढंच. आणि हे ऐकायला नेटवर हजारो लोक जमायचे. वापीपासून बोईसरपर्यंतची कारखान्यांतली पोरं जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून त्याला लावायची. माझ्या पोटात दुखायचं, आणि ते दुखणं मी ‘बोलणं जरा सुधार रे’ असं म्हणून बाहेर काढायचो.

मग पुण्याच्या एका गेमिंग टीमने त्याला विचारलं. तीन महिने गावोगावच्या स्पर्धांना टीमबरोबर फिरायचं, खेळायचं आणि तिथूनच थेट प्रक्षेपण करायचं. काम जमलं तर कायमची नोकरी. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा हवा, आणि ठरलेल्या बुधवारी दोन तास न थांबता प्रक्षेपण करून दाखवायचं. त्या बुधवारावर त्याचं सगळं होतं. जमलं तर कारखाना सुटणार होता.

लॅपटॉप घ्यायला आम्ही वापीला गेलो. दुकानदाराने दोन काढून ठेवले. एक जाडजूड, काळा, बोजड. दुसरा चपटा, चंदेरी, दिसायला राजबिंडा. मेहुण्याने दोन्ही हातांवर घेऊन पाहिले आणि काळ्याकडे बोट दाखवलं.

‘भावोजी, हा भरलेला वाटतो.’

‘चिकू घ्यायला आलायस का, हातात तोलून?’ मी म्हणालो. दुकानदार खो खो हसला. मेहुणाही हसला, कान लाल करून.

त्याचं बरोबर होतं. त्या वजनात तांबं होतं, मोठे पंखे होते, आतली उष्णता बाहेर फेकायची सोय होती. चंदेरीमध्ये तीच ताकद कोंबून बसवली होती आणि श्वास घ्यायला जागा ठेवली नव्हती. तास-दोन तास काहीतरी लिहिणाऱ्याला तो उत्तम. खेळ आणि प्रक्षेपण एकाच वेळी चालवलं की विसाव्या मिनिटाला गळपटणार. हे त्या दुकानात फक्त मला माहीत होतं.

‘फिरायचंय ना तुला?’ मी म्हणालो. ‘एसटीत, गाडीत, पाठीवर हा दगड घेऊन? चार्जर बघ त्याचा, वीट आहे नुसती. पुण्याची माणसं तुला हमाल समजतील.’ यात एक शब्दही खोटा नव्हता. मी फक्त अर्धंच खरं सांगितलं. केसाने गळा कापायचा तर केस खराच लागतो.

त्याने काळा खाली ठेवला. मग म्हणाला, ‘तुमी सांगता तर हाच.’

दुकानदाराने बिल देताना बजावलं, काही वाटलं तर दहा दिवसांत आणा, बदलून देतो, नंतर नाही. मेहुणा तोवर खोका छातीशी धरून बाहेर पडला होता. बिल मी खिशात घातलं आणि ती गोष्ट त्याला सांगितली नाही. दिवस गुरुवारचा होता.

आता माझ्या सासरची रीत सांगायला हवी. बैल असो, पाण्याचा पंप असो, जो निवडून देतो त्याच्याच हाताने ती जिनस पहिल्यांदा कामाला लावायची. नाहीतर तिला गुण येत नाही म्हणतात. बैलाला पहिल्यांदा जुंपायलाही निवडणारा माणूस लागतो. तेव्हा लॅपटॉपचा खोका बंदच राहिला. सासूबाईंचा फोन आला, ‘तुमी या जावय, तवाच उघडू.’

पहिल्या रविवारी मी क्लासच्या परीक्षेचं निमित्त सांगितलं. परीक्षा नव्हती. दुसऱ्या रविवारी भूकंपाचं. त्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन सारखी हादरत होती, माणसं घराबाहेर मांडव घालून राहत होती, त्यामुळे निमित्त अगदी तयार होतं. बायको म्हणाली, ‘अहो, धक्का बसला की बाबा आधी तो खोका उचलून अंगणात आणतात, मग आईला हाक मारतात.’ मी पोट धरून हसलो. ‘उघडा तुम्ही, माझी वाट बघू नका,’ एवढं फोनवर बोललो असतो तरी चाललं असतं. दहा दिवस सरेपर्यंत मी ते बोललो नाही. म्हणजे विसरलो नव्हतो. कॅलेंडर बघत होतो.

तिसऱ्या रविवारी गेलो. अंगणात पाट मांडलेला, खोक्याला झेंडूचा हार. मी नारळ फोडला, बटण दाबलं. पडद्यावर रंग फुटले तेव्हा सासऱ्यांनी मला हात जोडले. मला त्यांची लाज वाटली, स्वतःची नाही. माणूस किती नालायक असू शकतो, याचा मला त्या दिवशी अंदाज आला असता, पण मी जेवणाकडे लक्ष दिलं. कोंबडी झणझणीत होती.

सोमवारी मेहुण्याचा फोन आला. ‘भावोजी, लय गरम होतो. खेळ अडकतो.’

‘नवा बैल पहिल्या दिवशी धापा टाकतोच,’ मी म्हणालो. ‘वापर, रुळेल.’

बुधवारी मी क्लासला सुट्टी दिली आणि तलासरीला गेलो. मला बघायचं होतं. त्याने एका सायबर कॅफेत चांगली लाइन मिळवली होती. लॅपटॉपखाली दोन वह्या घालून तो उंच केला होता, बाजूला टेबलफॅन लावला होता. सुरुवात झकास झाली. बडबड सुरू, बघणाऱ्यांचा आकडा चढता, पुण्याची माणसंही बघत होती. मी मागे खुर्चीत बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. सतराव्या मिनिटाला चित्र अडखळायला लागलं. त्याची बडबड तशीच पुढे, चित्र मागे. लोक लिहायला लागले, ‘दादा, अडकतंय.’ तेविसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. त्याने पुन्हा चालू केला, सहा मिनिटं चालला, पुन्हा काळा. पुढचा तासभर तो हेच करत राहिला. मी एकदाही त्याला म्हणालो नाही की सोड. नंतर पुण्याहून दोन ओळींचा निरोप आला, आम्ही दुसरा माणूस बघतोय.

तसेच आम्ही वापीला गेलो. दुकानदाराने बिलावरची तारीख बघितली आणि हात वर केले. ‘दहा दिवस बोललो होतो ना, शेठ?’ तो माझ्याकडे बघून म्हणाला. मेहुण्याने लॅपटॉप पुन्हा पिशवीत घातला. बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, ‘खोका पुजत बसलात. आता भोगा.’ हे बोलताना मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

दुपारी सासरी पोचलो. माझी बायको सकाळीच निकाल ऐकायला आली होती. आमच्या चेहऱ्यांवरूनच सगळ्यांना निकाल कळला. सासूबाईंनी चहा ठेवला. मेहुणा उंबऱ्यावर बसून मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होता. लॅपटॉपचं मॉडेल आणि ‘गरम होतो’ एवढं त्याने लिहिलं असणार, मराठीत. मराठीत त्या लॅपटॉपबद्दल बोललेला माणूस जगात एकच होता.

मोबाइलमधून माझा आवाज आला. शुद्ध, खणखणीत. ‘मित्रांनो, हा लॅपटॉप दिसायला देखणा आहे, पण गेमिंग आणि स्ट्रीमिंगसाठी चुकूनही घेऊ नका. वीस मिनिटांत मान टाकतो. मी स्वतः तपासलं आहे.’ सहा महिन्यांपूर्वीचं होतं. चाळीसेक जणांनी बघितलेलं. काढून टाकायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं, इतकं मला माझं ते बोलणं आवडलं होतं.

मेहुण्याने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि आवाज वाढवला. बायको चुलीजवळून उठून दारात आली. सासऱ्यांना लॅपटॉपमधलं काही कळत नव्हतं. ते कान देऊन ऐकत होते.

‘हा जावयांचाच आवाज ना?’ त्यांनी विचारलं.

मीच हो म्हणालो.

त्यांनी मान हलवली. सासूबाईंना म्हणाले, ‘जावयांना वाढ. उन्हाचे आलेत.’ ताट आलं, भात आला, वर डाळ आली. माझ्यासमोर कोणी बसलं नाही. बायकोही नाही. मी एकटा बसून जेवलो.