चाळभर पसरलेली मोटारसायकल

दादाच्या मोटारसायकलचा विषय निघाला की आमच्याकडे चहा दोनदा टाकावा लागतो. एक किस्सा संपत नाही तोवर कुणीतरी म्हणतं, "अगं, ते पोलिसाचं सांग ना." लग्न होऊन मी दादरला आले, तर सासरीही हे किस्से माझ्याआधीच पोचले होते.

तर झालं असं. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या सभा-मोर्च्यांचे, आणि आम्ही लालबागच्या चाळीत. माझा थोरला भाऊ वासूदादा, त्याला औषधांच्या कंपनीत फिरतीची नोकरी मिळत होती. अट एकच, गाडी स्वतःची हवी. त्याने लढाईतली एक मोडकी मोटारसायकल लिलावात घेतली आणि रंगवायला म्हणून पार सुटी करून टाकली.

आमचे अण्णा मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. ते एवढंच म्हणाले, "सोमवारी सकाळी चालू झाली तर तुझी नोकरी. नाही तर माझ्याबरोबर मिल."

दादाला मिल नको होती. अण्णांचा खोकला ऐकतच तो मोठा झाला होता.

*

सांगाडा जिन्याखाली आणि बाकीची गाडी घराघरांत, अशी व्यवस्था होती. नट-बोल्ट एका बरणीत, माझ्याकडे. "तू कॉलेजात तर्कशास्त्र शिकतेस ना? मग कुठला कुठे बसतो ते तू सांगायचं," दादा म्हणाला.

मला साधी कढई पडली तरी दचकायला होतं. क्लचची स्प्रिंग हातातून सुटली, मी किंचाळले, आणि ती उडून थेट शेजारच्या मालवणी काकूंच्या वाळत घातलेल्या सोड्यांत, सोललेल्या कोळंबीत!

"मेल्या वासू," काकू बाहेर आल्या, "आता माझ्या कालवणात इंजिन शिजयतलंस काय रे?"

पण दुपारभर सोडे चाळून स्प्रिंग शोधली त्यांनीच. पुढे कित्येक महिने त्या ज्याला त्याला सांगायच्या, "वासूच्या गाडीक अजून माझ्या सोड्यांचो वास येता."

*

आता पोलिसाचं. मोर्च्यातली पोरं चाळीत लपलीत, असं कुणीतरी कळवलं होतं. हवालदार जिना चढून वर आला तेव्हा मी वर्तमानपत्रात गुंडाळलेला सायलेन्सर घेऊन उभी. लांब, बंदुकीच्या नळीसारखा.

"काय आहे हे?"

"मो... मोटारसायकल."

"ही?"

"हो."

"बाकीची कुठाय?"

"सगळ्यांच्या घरात."

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. तो पहिल्या घरात शिरला, तिथे खाटेखाली पेट्रोलची टाकी. दुसऱ्या घरात पाळण्यामागे चाक. तिसऱ्या घरातून तो बाहेर आला तो हातात हँडल घेऊनच. पोरांचं विसरला होता. दादाला म्हणाला, "हे बसवाल तेव्हा बोलवा. नायगावला पोलीस लाइनीत असतो मी."

*

रंगाचं काम गजाकडे. गजा दादाचा मित्र, दिवसा दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि रात्री भिंतींवर घोषणा. टाकीला काळा रंग देऊन झाला आणि बारीक ब्रश कसा चालतो ते बघायला म्हणून त्याने पांढऱ्यात दोन शब्द ओढले. हाताला सवयच तेवढी. 'झालाच पाहिजे.'

"अरे, कंपनीचा साहेब बघेल!" दादा ओरडला.

अण्णा विडी ओढत बसले होते. "राहू दे की," म्हणाले. "तुझ्या गाडीलाही लागू आहे."

वर काळ्याचे आणखी दोन हात मारले. तरी उन्हात तिरकं पाहिलं की अक्षरं दिसायचीच.

*

रविवारी संध्याकाळी गाडी उभी राहिली, आणि माझ्या बरणीत तीन नट उरले. मी बरणी दादापुढे धरली. दादाने ते खिशात टाकले. "लष्करी गाडी आहे. लष्करात सगळं जादाच असतं."

"आणि ते जादाचे नसले तर?"

"तर मिल आहेच," तो म्हणाला.

*

सोमवारी भोंगा झाला. दादा इस्त्रीचा शर्ट घालून किक मारतोय आणि गाडी ढिम्म. पहिल्या पाळीची माणसं डबे घेऊन खाली उतरली आणि तिथेच उभी राहिली. दादाचा शर्ट पाठीला चिकटला. शेवटी तो गाडीवरून उतरला, आणि अण्णांचा डबा धरायला त्याने हात पुढे केला.

अण्णांनी डबा दिला नाही.

"मिल अजून आली नाहीये," ते म्हणाले. "बस गाडीवर." आणि मागे वळून, "ढकला रे."

सगळी पाळी गाडीला लागली. नाही तरी जायचं तिकडेच होतं. मी पाना घेऊन मागून धावत होते. गाडी फुरफुरायची, गप्प व्हायची. मिलचं गेट आलं. वॉचमनने दार उघडून धरलं, आणि नेमकी तिथे गाडी पेटली. असा आवाज झाला की मी पाना टाकून कान झाकले. दादा गेटासमोरून तसाच परळच्या दिशेने निघून गेला. मागे वळून बघायचंही त्याला सुचलं नाही.

धूर खाली बसला तेव्हा वॉचमनने विचारलं, "जॉबर, आज मुलाला आणणार होतात ना?"

अण्णांनी काळे झालेले हात धोतराला पुसले.

"आणला होता की," म्हणाले, आणि आत गेले.