पाहुणीसाठी राखलेलं पाणी

सोनाळ्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या कौशल्याबाईंना भांडायला एरवी कारण लागत नाही. गेली चार वर्षं मात्र त्यांनी एकच कारण घट्ट धरून ठेवलंय, ते म्हणजे विहीर. सरकार त्यांच्या गावाचं पाणी मोजतं ते तलावाखालच्या विहिरीत. तिथे भर मे महिन्यातही बादली बुडते, म्हणून कागदावर गाव कायम सुखात. कौशल्याबाई राहतात त्या वरच्या वस्तीची विहीर कुणी मोजतच नाही, म्हणून वस्तीला टँकर नाही.

"कागदाले तहान लागत नाही साहेब, आमाले लागते," असं त्यांनी तालुक्याच्या बैठकीत तोंडावर सुनावलं. शेवटी विहिरींच्या मोजणीवाल्या अर्पिता मॅडम वस्तीवर यायला तयार झाल्या.

मॅडमना आणायला दोन दिवस तालुक्यालाच जाऊन राहिलेल्या कौशल्याबाई जीपमध्ये पुढे बसून ऐटीत वस्तीवर उतरल्या. मॅडमनी टेप सोडला. विहिरीत चांगलं कमरेभर पाणी!

"सुभद्रे, हे कुठून आलं वं?"

शेजारची सुभद्राबाई पदर सावरत म्हणाली, "मॅडम येऊन राह्यल्या म्हून दोन दिवस कोणीच दोर नाही टाकला. तलावाखालून डोक्यावर आणलं पाणी. पाहुणी येते अन् विहीर कोरडी, बरं दिसते का?"

घ्या! चार वर्षांचं भांडण या बायांनी पाहुणचारात बुडवलं. कौशल्याबाईंना संताप आला आणि हसूही आलं.

मॅडम आकडा लिहायला लागल्या तसा त्यांनी मॅडमचा हातच धरला. "थांबा जरा, चहा घ्या. बायांनो, भरा वं!"

बत्तीस घरांच्या घागरी लागल्या. दीड तासात बादलीत गाळ आला. मॅडमनी पुन्हा टेप सोडला, पण मान हलवली. "मुद्दाम उपसली म्हणतील. रात्रभरात किती भरते, ते बघावं लागेल."

"मंग राहा माह्या घरी. भाकर-पिठलं आहे."

मॅडम खरंच राहिल्या.

सकाळी सहाला सगळी वस्ती विहिरीभोवती. टेप वर आला तो जेमतेम वीतभर ओला. मॅडमनी तोच आकडा लिहिला आणि दरवेळच्या मोजणीत ही विहीरही घातली.

बायांनी टाळ्या वाजवल्या. कौशल्याबाईंचे डोळे भरून आले.

"मॅडम, विहीर आटली म्हून आनंद होऊन राह्यला मले," त्या म्हणाल्या. "अशी वेळ वैऱ्यावरबी येऊ नये."