मी घासलेली चकती

२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण लोखंडाकडून. नर्मदेकाठच्या आमच्या शहरात, खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर म्हणून छत्तीस वर्षं कानस चालवली. लोखंडाबद्दल मला कोणी काही शिकवावं, हे तेव्हाही खपत नव्हतं, आजही खपत नाही.

त्या वर्षी होळीनंतरच्या एका रविवारी गुरंदी बाजारात, जुन्या पान्यांच्या ढिगाखाली मला ती सापडली. तळहाताएवढी गोल लोखंडी चकती, पिकलेल्या जांभळासारखी काळी. मधोमध एक उभं निमुळतं भोक, आणि कडेला आरपार कोरून काढलेले दोन उडते बगळे. कबाडी म्हणाला, बाबूजी, किसी मशीन का वॉशर है. वॉशरात कोणी बगळे उडवतं का? मी घेऊन आलो.

घरी आल्यावर फिटर जे करतो तेच केलं. घासलेटात भिजवली आणि अंगणात रेगमाल, म्हणजे घासायचा खरखरीत कागद, घेऊन बसलो. कारखान्यात गंजलेला पार्ट हातात दिसला की मिस्त्री चारचौघांत इज्जत उतरवायचा. बायको बाजूला तूर पाखडत होती.

“राहू द्या ना तो काळा रंग. चांगला दिसून राहिला.”

“लोखंडात छत्तीस वर्षं मी काढली की तू?”

ती परत सुपाकडे वळली. संध्याकाळपर्यंत चकती ताटासारखी चमकायला लागली.

सूनबाई शाळेत शिकवते. तिने मोबाइलवर फोटो टाकून शोधलं. ही जपानी तलवारीची चकती म्हणे. मूठ आणि पातं यांच्यामध्ये बसते, हात पात्यावर घसरू देत नाही. तिकडे त्सुबा म्हणतात. जुनी असली तर दोनशे, तीनशे वर्षांची असू शकते. पण नकला फार, साच्यात ओतून काढलेल्या.

मग मला नाद लागला. इंग्रजी वाचता येत नाही, पण फोटो वाचता येतात. रोज दुपारी खाटेवर पडून मी मोबाइलवर चकत्या पाहायचो. सगळ्या काळ्या, नाहीतर तपकिरी. मला वाटायचं, मालक आळशी आहेत.

माझी ओतीव नाही, हे मला बोटांनीच सांगितलं होतं. ओतीव मालाच्या आतल्या कडेला बारीक पुटकुळ्या असतात, साच्याची शिवण असते. इथे बगळ्याच्या पंखाच्या आत नख फिरवलं की कानशीचे घाव लागायचे, एकाशेजारी एक, शांत. मधल्या भोकाच्या वर आणि खाली तांब्याचे दोन तुकडे ठोकलेले होते. ते पाहून मला हसू आलं. ही तर पॅकिंग. जुनी तलवार गेली, दुसरी आली, भोक ढिलं पडलं, म्हणून कोणीतरी तांबं भरून बसवून दिलं. मी आयुष्यभर हेच केलं होतं.

आणि डावीकडच्या बगळ्याच्या मानेपाशी एक खाच होती. कानस घसरल्याची. उजेड जायला लागतो, हात थकलेला असतो, आणि तरी वाटतं की एवढी मान पुरी करून उठू, तेव्हाच तशी घसरते.

त्या खाचेवर अंगठा ठेवून माझा डोळा लागायचा. मग एक खोली दिसायची, खिडकीपाशी पाठमोरा बसलेला माणूस. चेहरा कधी दिसला नाही. तो लोखंडाचा कीस फुंकून उडवायचा आणि तो कीस माझ्या खाटेवर पडायचा, गुलमोहराच्या पाकळ्यांसारखा हळू. वास ओळखीचा. कानशीचा आवाजही ओळखीचा, फक्त फार लांबून आलेला, पाण्यावरून आल्यासारखा. कधी ग्वारीघाटला जाऊन बसलो की चकती डोळ्याला लावायचो. बगळ्यांच्या अंगातून नर्मदा वाहायची. कोणता किनारा, कोणता देश, काही कळायचं नाही, आणि कळून घ्यावंसंही वाटायचं नाही.

दिवाळीनंतर सूनबाईने पत्ता काढला. तिच्या शाळेतल्या एका बाईंचे सासरे निवृत्त फौजी, छावणीत राहतात, त्यांच्याकडे अशा दहा-बारा चकत्या आहेत. त्यांच्याकडे जायच्या आदल्या दिवशी मी आपली चकती पुन्हा चमकवली आणि ग्रीसमध्ये बुडवली. माल बाहेर पाठवायचा तर आम्ही असाच पाठवायचो.

फौजी साहेबांनी चहा मागवला. आपल्या चकत्या मखमलीवर मांडल्या. सगळ्या काळ्या, आणि त्या काळ्यात कुठे जांभळी, कुठे मधाची झाक. ते म्हणाले, हा रंग कारागीर स्वतः चढवायचा, मग शंभर-दोनशे वर्षं हाताहातातून तो पिकत जायचा. हीच खरी ओळख. माझ्या हातातला कप जड झाला.

मग त्यांनी माझी चकती रुमालात धरली. ग्रीसमुळे आतलं काही दिसत नव्हतं. मी तांब्याची पॅकिंग दाखवली. ते म्हणाले, तांबं तर आजकाल नकली मालातही ठोकतात.

“दादा, ये नया माल है. असली होती और किसी ने रगड़ दी होती, तो अलग बात थी. पर ऐसा बेवकूफ़ कौन होगा?”

तो बेवकूफ समोर बसून त्यांचा चहा पीत होता. मी म्हटलं, हो, बरोबर आहे साहेब. चकती खिशात टाकली आणि उठलो.

घरी बायकोने विचारलं, काय म्हणाले. मी म्हटलं, नकली म्हणाले.

“मग तुम्ही सांगितलं नाही, की मी घासली म्हणून?”

“नाही.”

“काहून?”

मी खिशातून चकती काढली. तिने सुपातले खडे निवडून बाजूला टाकले.

“म्हणजे तुमची इज्जत राहिली आणि त्याची गेली.”

“कोणाची?”

“ज्याने बनवली त्याची. तो काही येऊन सांगणार आहे का आता?”

मी खाटेवर पडलो. खाचेवर अंगठा ठेवला, डोळे मिटले. खोली दिसली, खिडकी दिसली. खिडकीपाशी कोणी नव्हतं. कानस तशीच आडवी पडलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारांच्या पेटीतून तो रेगमाल काढला. मी काही फेकत नाही. त्यावर काळा-तपकिरी भुगा अजून चिकटलेला होता. तो घडी करून वरच्या खिशात ठेवला, चकती खालच्या खिशात, आणि स्कूटर काढली. 

साहेब कुंड्यांना पाणी घालत होते. मी चकती आणि रेगमाल दोन्ही त्यांच्या टेबलावर ठेवले.

“साहेब, वो बेवकूफ़ मैं हूँ. पंखों के अंदर देखिए. वहाँ मेरा रेगमाल नहीं पहुँचा.”

त्यांनी एकदा रेगमालाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग झारी खाली ठेवली आणि चष्म्यासाठी घरात आवाज दिला. तोवर मी खुर्ची उन्हात ओढली, रुमालाचं टोक पीळ देऊन बारीक केलं, आणि बगळ्याच्या मानेपासून ग्रीस पुसायला लागलो.