काणा डोळा कुणाचा

माझ्या थोरल्या भावाच्या, आप्पाच्या, विनोदी चित्रांचं गाठोडं नातीनं सोडलं आणि शिळाछापाच्या शाईचा उग्र वास खोलीभर पसरला. "आजोबा, कुठल्या चित्रापासून सुरुवात करू?" तिनं विचारलं, आणि मी टेंभी नाक्यावरच्या आमच्या छापखान्यात जाऊन पोचलो.

शिळाछापात दगडावर सगळं उलटं काढलं, तरच कागदावर सुलटं उमटतं. त्या दिवशी आप्पानं अक्षरं उलटी लिहिली, पण घाईत चेहरा सुलटाच काढला. टवाळी होती डाव्या डोळ्यानं काणा असलेल्या मिठागराच्या ठेकेदाराची. छापल्यावर काणा डोळा डाव्याचा उजवा झाला, आणि उजव्या डोळ्यानं काणा असलेला जकातदार सोटा घेऊन आला.

"अहो, हे तुम्ही नव्हे!" आप्पा ओरडला. पहिल्याच तडाख्यात त्याच्या उजव्या हाताची बोटं दगडावर चेचली. शाईत रक्त मिसळलं. मी किंचाळत राहिलो, जकातदार मारत राहिला. आजही माझ्या मुठी वळतात.

आप्पा संपला, असंच तेव्हा मला वाटलं होतं.

"हे आधी बघ," म्हणत मी नातीला वेड्यावाकड्या रेघांचं एक चित्र दिलं. "डाव्या हातानं काढलेलं त्याचं पहिलं."

त्यात सोटा उगारलेला जकातदार होता. काणा डोळा या खेपेला अगदी बरोबर उतरला होता, आणि खाली लिहिलं होतं, "आता मात्र हे तुम्हीच."